पोराला कोणी सांगितलं?

रोकडे बाईंच्या हातात नवं पुस्तक पडलं की त्या आधी एवढंच विचारायच्या, "यात कोण मरतं?" पुस्तक घेऊन आलेली मुलगी गडबडायची. एखादी म्हणायची, बाई, ही गमतीची गोष्ट आहे. त्यावर बाई म्हणायच्या, असू दे, तरी बघून ठेव.

भिवंडीतल्या आमच्या मुलींच्या शाळेत त्या मराठी शिकवायच्या आणि आठवड्यातून दोन तास ग्रंथालयाचे घ्यायच्या. ग्रंथालय म्हणजे प्रयोगशाळेशेजारच्या खोलीतलं एक लोखंडी कपाट. त्याची किल्ली बाईंच्या कापडी पिशवीत असायची. शाळेच्या मागच्या भिंतीला लागूनच कापड विणणाऱ्या लूमचा कारखाना होता आणि त्याची खटखट सकाळच्या शिफ्टपासून चालू असायची. बाकीच्या बाई त्या आवाजावर आवाज चढवून शिकवायच्या, दुपारपर्यंत त्यांचा घसा बसायचा. रोकडे बाई उलट आवाज खाली आणायच्या. मग ऐकू यावं म्हणून आम्ही पन्नास मुली बाकावरून पुढे वाकायचो. त्यांचा तास संपला की माझी पाठ दुखायची, हे मला अजून आठवतं.

उंच, किडकिडीत, घट्ट अंबाडा, उन्हाळ्यातही कोपराखाली येणाऱ्या बाह्या. लग्न केलं नव्हतं. आईबरोबर दोन खोल्यांत राहायच्या. मधल्या सुट्टीत चहा बशीत ओतायच्या आणि बशी टेबलावरच ठेवून, मान खाली घालून प्यायच्या, कारण दोन्ही हातांत पुस्तक धरलेलं असायचं. शिपाईमावशी म्हणायच्या, बाई मांजरासारखा चहा पितात. बाईंनी हे ऐकलं होतं. त्यांना त्याचं काही वाटायचं नाही.

ग्रंथालयाच्या तासाला प्रत्येकीने एक वही ठेवायची आणि वाचलेल्या गोष्टीसाठी तीन प्रश्नांची उत्तरं लिहायची. कोण मरतं? कोणाला आधी कळतं? पोराला कोणी सांगितलं? गोष्टीत लहान पोर असलं तरच तिसरा प्रश्न, पण बाईंच्या कपाटातल्या बहुतेक गोष्टींत कुठे ना कुठे पोर असायचंच. कोणाची आई जाते, कोणाचा बैल, कोणाचा शेजारी राहणारा मित्र. पोराला ते कधी कळतं, कोणाच्या तोंडून, कुठल्या शब्दांत, हे शोधायचं. बऱ्याच गोष्टींत याचं उत्तर सापडत नसे. लेखकाने पोराला झोपवलेलं असायचं, मामाच्या गावाला धाडलेलं असायचं, नाहीतर पुढचं प्रकरण एकदम दहा वर्षांनी सुरू व्हायचं. तिथे बाई समासात पेन्सिलीने दोन शब्द लिहायच्या: पळ काढला. शाळेच्या कपाटातल्या निम्म्या पुस्तकांत त्यांच्या अक्षरात हा शेरा होता. मुख्याध्यापिकांनी एकदा त्यावरून त्यांना बोलावून घेतलं, तेव्हा बाईंनी शांतपणे सांगितलं की शेरे खोडून टाकते. आणि खोडले नाहीत.

आठवीत असताना मी एका उत्तरात लिहिलं होतं, आजोबा देवाघरी गेले. बाईंनी वही परत दिली तेव्हा "देवाघरी" या शब्दाखाली रेघ होती आणि पुढे लिहिलं होतं, पत्ता लिही. मी कोनची मुलगी, कल्याण रस्त्यावरच्या गावातली. घरी सगळे असंच बोलतात हे मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या की घरी बोल, वहीत नको. वहीत मेले लिहायचं. झोपले नाही, गेले नाही, तारा झाले नाही. मेले.

त्याच तासाला त्यांनी एक वाक्य सांगितलं, ते मी नंतर कितीतरी दिवस धरून बसले होते. त्या म्हणाल्या, "गोष्टीतलं पोर कोणी मेल्यामुळे मोठं होत नाही. कोणीतरी त्याच्यासमोर बसून खरं सांगतं आणि ते रडतं, तेव्हा मोठं होतं. ज्याला सांगत नाहीत ते नुसतं वयाने वाढतं."

सिनेमाच्या बाबतीतही हेच. महिन्यातून एका शनिवारी त्या घरचा टीव्ही आणि सीडी प्लेयर रिक्षात घालून शाळेत आणायच्या. टीव्ही मांडीवर, प्लेयर पायांशी, आणि रिक्षावाल्याला दर खड्ड्याला सूचना. कुठून कुठून सीडी मिळवायच्या कोण जाणे; कधी बंगाली, कधी मल्याळी, खाली इंग्रजी अक्षरं, आणि बाई शेजारी उभ्या राहून हळू आवाजात मराठीत सांगणार. त्यातला एक सिनेमा मिठागरावरच्या एका मुलाचा होता. त्याचा आजोबा घरात शेवटच्या घटका मोजत असतो आणि घरातली मोठी माणसं मुलाला सांगतात, जा, दुकानातून काडेपेटी घेऊन ये. मुलगा उड्या मारत निघतो. तिथे बाईंनी बटण दाबून चित्र थांबवलं. त्या म्हणाल्या, याला दुकानात कोणी पाठवलं तो चेहरा नीट बघून ठेवा. आम्ही सगळ्यांनी त्या काकूचा चेहरा बघितला. ती रडत नव्हती, घाईत होती. पुढे चित्र सुरू होणार तेवढ्यात लोडशेडिंगची वेळ झाली आणि वीज गेली. पुढचं सांगा म्हणून आम्ही किती मागे लागलो, पण बाईंनी सांगितलं नाही. पुढच्या महिन्यात तो सिनेमा पुन्हा पहिल्यापासून लावला.

हे वेड त्यांना कुठून लागलं, हे त्यांनीच एकदा वर्गात सांगितलं होतं. त्या सात वर्षांच्या असताना त्यांचा धाकटा भाऊ तापाने गेला. त्यांना सांगितलं गेलं की तो आजोळी गेलाय. वर्षभर त्या भावासाठी खाऊ बाजूला काढून ठेवत होत्या आणि मुंग्या लागल्या की त्यांची आई मुकाट्याने तो टाकून देत होती. शेवटी पाणी भरताना एका शेजारणीच्या तोंडून निघून गेलं. बाई म्हणाल्या, भाऊ मेल्याचं दुःख एका वर्षाने झालं, पण आईवर विश्वास बसायला वीस वर्षं लागली. एवढं बोलून त्यांनी फळ्याकडे वळून तारीख लिहिली आणि धडा सुरू केला.

त्या नुसत्या बोलायच्या नाहीत, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं. नववीत माझ्या बाकावर सुनीता बसायची. एका सकाळी शाळेत फोन आला की तिची आई कामावर जाताना रस्त्यातच कोसळली आणि गेली. मुख्याध्यापिकांचं म्हणणं होतं की मुलीला एवढंच सांगा, आई आजारी आहे, आणि शिपाईमावशींबरोबर घरी पाठवा. बाईंनी ऐकलं नाही. त्यांनी सुनीताला प्रयोगशाळेत नेलं, स्टुलावर बसवलं, स्वतः तिच्यासमोर दुसऱ्या स्टुलावर बसल्या. सुनीताचं दप्तर द्यायला मी दारात उभी होते. बाई म्हणाल्या, "सुनीता, तुझी आई आज सकाळी मेली. मी तुझ्याबरोबर घरी येते." सुनीताने बाईंच्या मांडीत डोकं घातलं. बाई तिच्याबरोबर गेल्या आणि चौथ्या दिवशीच शाळेत परतल्या.

त्या दिवसापासून आमच्या वर्गाने ठरवून टाकलं होतं की जगात एक माणूस असं आहे जे आपल्याशी खोटं बोलणार नाही. मी तर बाबांपेक्षाही बाईंवर जास्त भरवसा ठेवत होते. बाबा टेम्पो चालवायचे, कारखान्यातले कापडाचे तागे गोदामात पोचवायचे, आणि लवकर येतो म्हणून कधी लवकर यायचे नाहीत.

दोन हजार पाच साली मी दहावीला होते. संक्रांतीनंतर बाबांना कावीळ झाली. पहिले काही आठवडे गावातलं झाडपाल्याचं औषध झालं, पथ्य झालं. शेवटी डोळे हळदीसारखे पिवळे झाले आणि पोट फुगलं तेव्हा ठाण्याच्या इस्पितळात नेलं. आई तिथेच राहिली. थोरली बहीण मनीषाताई दहावीच्या आधीच लग्न होऊन वळ गावी गेली होती, तिला सात महिन्यांचं पोर. घरी मी आणि काका-काकू. माझं परीक्षा केंद्र शहरात, गावात रोज संध्याकाळी वीज नाही. तेव्हा रोकडे बाई स्वतः आमच्या घरी आल्या आणि म्हणाल्या, पेपर संपेपर्यंत वैशालीला माझ्याकडे राहू दे. काका कुरकुरला. ती लोकं बौद्ध, आपली पोर तिकडं जेवणार काय, असं त्याचं म्हणणं. हे बाबांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी इस्पितळातून निरोप धाडला की बाई शिकवते तवा चालते, मग जेवाय घातलं तं काय बिघाडलं. एवढ्यावर मिटलं.

परीक्षेआधीच्या रविवारी बाई मला ठाण्याला घेऊन गेल्या. बाबांचा आवाज खोल गेला होता. मी बराच वेळ बसले तेव्हा ते म्हणाले, "परवा पेपर हाय ना? जा मंग. इथं काय करतंस?" मी उठले. दारातून वळून बघितलं तर ते आईला पाणी मागत होते.

बाईंच्या घरी दिवस चांगले गेले. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्यासमोर बाईंची आई रोज पहाटे वंदना म्हणायच्या. त्यांच्या आवाजाने मला जाग यायची. मी त्यांना आजी म्हणायची. मराठीचा पेपर झाला, हिंदीचा झाला. इंग्रजीच्या दिवशी बाई मला केंद्रावर सोडून गेल्या, त्या न्यायला आल्या नाहीत. शेजारच्या एका मुलीबरोबर मी परत आले. दिवेलागणीला बाई घरी आल्या आणि थेट मोरीत जाऊन डोक्यावरून अंघोळ केली. मी विचारलं, अवेळी अंघोळ? म्हणाल्या, फार उकडत होतं. मग मी बाबांचं विचारलं. त्या केस पुसत होत्या. टॉवेलाआडून म्हणाल्या, "झोपलेत. आता बरं आहे."

वहीत मला "झोपले" लिहू न देणारी बाई असं म्हणाली आणि मला काहीच खटकलं नाही. माझा विश्वास एवढा होता.

त्यानंतर काही गोष्टी बदलल्या, त्या मला दिसल्या पण कळल्या नाहीत. आजींनी बाईंशी बोलणं टाकलं. दोघी एका घरात, मध्ये मी, आणि मायलेकींत एक शब्द नाही. मला वाटलं माझीच अडचण होतेय. आजी माझ्या ताटात तूप जास्त वाढायला लागल्या आणि वाढताना माझ्याकडे बघेनाशा झाल्या. बाई मला रोज रिक्षाने केंद्रावर न्यायला लागल्या, तेही लांबच्या रस्त्याने. टेम्पो स्टँडकडे रस्ता खणलाय म्हणाल्या. वर्गातल्या मुली केंद्रावर माझ्याशी फार गोड वागायच्या. एकीने मला स्वतःचं नवं पेन देऊन टाकलं.

भूमितीच्या पेपराला मी घाबरले होते. आदल्या दिवशी दुपारी पुस्तक मिटून रडायला बसले. बाबांशी फोनवर बोलायचंय म्हणून हट्ट धरला. बाई बाहेर गेल्या, अर्ध्या तासाने आल्या आणि माझ्यासमोर बसल्या. म्हणाल्या, मी बोलले त्यांच्याशी. ते म्हणाले, "पोरीला सांगा, घाबरायचं न्हाय. भूमिती म्हंजे काय भूत हाय?" अगदी बाबांच्या ढंगात त्यांनी ते म्हटलं. मी रडता रडता हसले. दुसऱ्या दिवशी प्रत्येक प्रमेयाआधी मनात ते वाक्य म्हटलं आणि पेपर असा लिहिला, जसा आयुष्यात गणिताचा कुठला पेपर लिहिला नव्हता.

इतिहासाचा पेपर शेवटून दुसरा. मग एक दिवस मोकळा आणि त्यानंतर भूगोल की सुटलो. त्या दिवशी बाईंना शाळेत थांबावं लागलं. मला यायला उशीर होईल, गेटवरच थांब, असं त्यांनी बजावलं होतं. मी थांबले होते. सुनीता आली, माझं मनगट धरलं आणि म्हणाली, चल, आज इकडून जाऊ. मी म्हटलं, तिकडे रस्ता खणलाय. ती म्हणाली, नाही खणलेला.

टेम्पो स्टँडच्या कोपऱ्यावर विजेच्या खांबाला भलामोठा फ्लेक्स बांधला होता. स्टँडवर असे बोर्ड कायम असतात, वाढदिवसाचे, अभिनंदनाचे, श्रद्धांजलीचे; कोणी बघत नाही. सुनीता थांबली म्हणून मी थांबले. फोटो मनीषाताईच्या लग्नातला होता, बाबा फेट्यात. फोटो कापून घेतलेला, त्यामुळे त्यांच्या खांद्यावर कोणाचा तरी नुसता हात राहिला होता. वर लिहिलं होतं, भावपूर्ण श्रद्धांजली. खाली, दशक्रिया विधीची तारीख, उद्याचीच, सकाळी, कोन गावच्या तळ्यावर. आणि त्याखाली, शोकाकुल: पत्नी, बंधू, मुली सौ. मनीषा, कु. वैशाली, आणि टेम्पोचालक मित्र परिवार.

माझं नाव मी दोनदा वाचलं. कु. वैशाली नऊ दिवस या खांबावर शोक करत होती आणि मी तिकडे तूप-भात खात होते.

सुनीताला मी विचारलं, कधी. ती म्हणाली, इंग्रजीच्या पेपराच्या दिवशी. मग मी विचारलं, तुला माहीत होतं का. ती म्हणाली, सगळ्यांना माहीत होतं, बाईंनी वर्गाला शपथ घातली होती. "मला तोंडाने सांगता नसतं आलं," ती म्हणाली, "म्हणून इथे आणलं." तिने माझं मनगट तेव्हाही सोडलं नव्हतं. शेअर रिक्षात बसून ती माझ्याबरोबर कोनपर्यंत आली, आणि आमचं अंगण बायकांनी भरलेलं दिसलं तेव्हा तिथूनच मागे वळली.

आई भिंतीला टेकून बसली होती, कपाळ मोकळं. माझ्या हातात परीक्षेचं पॅड बघून ती म्हणाली, "पेपर कसा गेला गो?" मी तिच्याजवळ बसले. रडू आलं नाही. दहन झालं होतं, राख खाडीत गेली होती, रडायची वेळ सगळ्यांची झाली होती आणि माझ्यासाठी कोणी काही शिल्लक ठेवलं नव्हतं.

ऊन उतरताना बाई आल्या. उंबऱ्याबाहेर चपला काढून तिथेच बसल्या. बायकांनी त्यांना वाट करून दिली, पाणी आणून दिलं. त्यावरून मला कळलं की त्या इथे आधीही येऊन गेल्या होत्या. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"बाबांचा फोन झाला म्हणालात. भूमितीच्या आदल्या दिवशी."

"नव्हता झाला."

"मग ते कोण बोललं?"

"मी."

त्यांनी नजर खाली घातली नाही, एवढं सांगायला हवं. माफी मागितली नाही. कारणही सांगितलं नाही. एवढंच म्हणाल्या, "परवा भूगोल आहे, वैशाली. सकाळी रिक्षा घेऊन येते."

त्यांनी मला समोर बसवून खोटं सांगितलं होतं, प्रयोगशाळेत सुनीताला बसवलं तसंच, त्याच हळू आवाजात. बाकीचे नऊ दिवस मी एक वेळ सोडून दिले असते. आई गप्प होती, काका गप्प होता, मुली गप्प होत्या. ती न सांगण्याची गोष्ट झाली. पण मेलेल्या माणसाच्या तोंडी वाक्य घालणं ही वेगळी होती. बाबा मला शेवटचं काय म्हणाले, या प्रश्नावर आजही माझ्या मनात आधी भूमितीचं वाक्य येतं आणि मग ते खोडून इस्पितळातलं आणावं लागतं. खोट्या वाक्यात बाबा जास्त गोड होते.

भूगोलाच्या सकाळी रिक्षा आली. हॉर्न वाजला. काकू म्हणाली जा, आई म्हणाली जा गो. मी मागच्या पडवीत जाऊन बसले. बाई रिक्षातून उतरल्या नाहीत, आत आल्या नाहीत. पेपर सुरू होऊन अर्धा तास होईपर्यंत, म्हणजे उशिरा येणाऱ्यांनाही ज्या वेळेनंतर घेत नाहीत तोपर्यंत, त्या आमच्या घरासमोर रिक्षात बसून होत्या. मग गेल्या.

निकाल लागला. गैरहजेरीमुळे मी नापास. भूमितीत मात्र वर्गात पहिली होते. ऑक्टोबरचा फॉर्म बाई भरून घेऊन आल्या. फक्त माझ्या सहीची जागा रिकामी होती. मी सही केली आणि एक शब्द बोलले नाही. ऑक्टोबरला भूगोल लिहिला, पास झाले. पेढे आईने शाळेत पाठवले. कोणाच्या हाती पाठवले ते मी विचारलं नाही.

बाईंनी असं का केलं, हे मला बारावीत असताना कळलं. आई आणि मी ओटीवर सुकट निवडत बसलो होतो. कुठून तरी बाईंचा विषय निघाला आणि मी नेहमीसारखी तुटक बोलले. आई म्हणाली, तुला म्हाईत न्हाय. बाबा गेले तेव्हा इस्पितळाच्या व्हरांड्यातच काका म्हणाला होता की पोरीला आता घरी आणा, बाप गेला, शाला पुरं झाली. कशेळीचं एक स्थळ हाय, वर्षाच्या आत उरकून टाकू. आई म्हणाली होती, पोरीला आना, बापाचं तोंड तरी बगू दे. तेव्हा बाई मध्ये पडल्या. त्यांनी काकाला सांगितलं की एकदा ती घरी आली की पुन्हा परीक्षेला बसणार नाही, तुम्ही बसू देणार नाही, थोरलीचं काय केलं ते मला ठाऊक आहे. बराच वाद झाला. शेवटी काकाने मान्य केलं की पेपर होऊ देत, मग बघू. आणि बाईंनी आईकडे एकच मागितलं, की मुलीला कळू द्यायचं नाही.

"मी नको बोलले व्हते," आई म्हणाली. "तिनं माझे पाय धरले. बोलली, माझ्यावर राग धरील ती, धरू दे."

हे ऐकल्यावर माझा राग जायला हवा होता. गेला नाही. तो नुसता अवघड झाला. कारण ते स्थळ तोवर मागे पडलं होतं, आणि पास होऊन कॉलेजात बसलेली मी त्यांच्यामुळे होते, हे खरं. आणि बाबांचा चेहरा न बघता राहिलेली मीही त्यांच्यामुळेच होते. त्यांनी हिशेब बरोबर केला होता, पण मला न विचारता केला होता. मी पंधरा वर्षांची होते, त्यांनी मला तीन वर्षं शिकवलं होतं. मला समोर बसवून दोन्ही गोष्टी सांगितल्या असत्या, बाबा मेले आणि काका तुझं लग्न लावतोय, तर कदाचित मी अग्नी द्यायच्या वेळी कोनला उभी राहून दुसऱ्या दिवशी पेपर लिहिला असता. कदाचित नसताही. ते आता कोणालाच कळणार नाही.

सुनीताची धाकटी बहीण त्याच शाळेत होती. तिच्याकडून समजलं की ग्रंथालयाच्या तासाला आता वही नसते. बाई कपाट उघडून देतात, मुली हवं ते पुस्तक घेतात, कोणी काही विचारत नाही. शनिवारचे सिनेमेही बंद झाले. मुख्याध्यापिकांना वाटलं टीव्ही बिघडला असेल. त्यांनी शाळेला नवा घेऊन दिला, तो तसाच खोक्यात राहिला.

मी बी.कॉम. झाले, वळच्या एका गोदामाच्या ऑफिसात लागले, माझ्या पसंतीने लग्न केलं. बाईंचं घर माझ्या रोजच्या रस्त्यापासून दोन गल्ल्या आत होतं. मी त्या गल्लीत वळले नाही. आजी गेल्या तेव्हा सुनीताने फोन करून सांगितलं. आजींसाठी मी रडले, कारण त्या घरात माझ्या बाजूने त्या एकट्याच होत्या. पण गेले तेव्हाही नाही.

त्यानंतर एकदाच बाई दिसल्या. मे महिना होता. मी नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून ठाण्याला चालले होते. कशेळीला नेहमीसारखा ट्रॅफिक तुंबलेला, पुढे कंटेनर, बाजूला एसटी, कोणीच हलत नव्हतं. वरून कोणीतरी खिडकीच्या दांडीवर टकटक केली. मी मान वर केली. एसटीच्या खिडकीत बाई होत्या. केस बरेच पिकलेले, अंबाडा लहान झालेला, आणि मांडीवर उभं धरलेलं ते मोठं तपकिरी पाकीट, एक्स-रे ठेवतात तसं. त्या माझ्याकडे बघून हसल्या नाहीत. बोटाने खाली दाखवत होत्या, दोनदा, घाईने. मी खाली बघितलं. माझ्या ओढणीचं टोक सुटून मागच्या चाकाच्या आऱ्यांपर्यंत लोंबत होतं. मी ते ओढून घेतलं आणि कमरेला गाठ मारली.

पुन्हा वर बघितलं तेव्हा बाई समोर बघत होत्या. एसटी आमच्याआधी हलली. पाकिटावर कुठल्या इस्पितळाचं नाव आहे ते वाचायचा मी प्रयत्न केला, पण खिडकी पुढे गेली.

नवऱ्याने आरशातून पाहिलं होतं. त्याने विचारलं, कोण होत्या. मी म्हटलं, शाळेतल्या बाई. तो म्हणाला, पुढे पुलावर बस गाठता येईल, थांबून बोलायचंय का? मी म्हटलं, नको, उशीर होतोय.

आम्हाला कुठेही उशीर होत नव्हता.